एका रात्रीत दारू तुटली तेव्हा : महामारीतल्या व्यसनोपचारांची पार्श्वभूमी

२४ मार्च २०२०च्या मध्यरात्री देशभर टाळेबंदी लागू झाली. किराणा, दूध, औषधं सुरू राहिली, दारूची दुकानं बंद झाली. त्या निर्णयाचं पुष्कळांनी स्वागत केलं. घराघरांतल्या बायकांनी तर मनापासून केलं, आणि त्यांना तो हक्क होता. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अशी अचानक तुटली तर काय होतं, याचा विचार त्या आदेशात कुठेच नव्हता.

होतं ते असं. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या-दुसऱ्या दिवशी फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास सुरू होतात. भिंतीवर किडे चालताना दिसतात, दारात कुणी मारायला उभं आहे असं वाटतं, बायको-मुलं ओळखू येत नाहीत. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. उपचार तसे महागडे नाहीत. डायझेपाम किंवा लोराझेपाम ही शांत करणारी औषधं, थायमिनची म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, सलाइन आणि रात्रभर लक्ष ठेवणारी परिचारिका. तालुक्याच्या रुग्णालयात सहज करता यावं असं हे काम आहे.

केरळमध्ये पहिल्याच आठवड्यात दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मार्चअखेरीस तिथल्या सरकारने आदेश काढला, की ज्यांना दारू तुटल्याचा त्रास होतो आहे त्यांना सरकारी डॉक्टरच्या चिठ्ठीवर उत्पादन शुल्क खात्याने दारू द्यावी. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या. दारू हे दारूच्या आजारावरचं औषध नाही, आम्ही अशी चिठ्ठी लिहिणार नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. २ एप्रिलला केरळ उच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. तरीही मला त्या सरकारची सरसकट टिंगल करावीशी वाटत नाही. आजारी माणूस घरात तडफडतो आहे, एवढं निदान त्याला दिसलं होतं. हाताशी असलेलं साधन मात्र उत्पादन शुल्क खात्याचं होतं.

ते साधन हाताशी का होतं आणि रुग्णालयातली खाट का नव्हती, हे समजायला बरंच मागे जावं लागतं. राज्यघटनेच्या ४७व्या कलमाने दारूबंदीची दिशा दिली, पण औषधी वापराचा अपवाद ठेवून. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. त्यात प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळण्याची सोय होती आणि महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना आजही त्याच कायद्याखाली निघतो. म्हणजे डॉक्टरी कारण दाखवून दारू, ही कल्पना आपल्या कायद्यात केरळच्या सत्तर वर्षं आधीपासून आहे. मद्यार्क असलेली टॉनिकं आणि सुगंधी द्रव्यं यांचा वाद तर १९५१मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि अशा वस्तूंवरची बंदी न्यायालयाने रद्द केली. बंदीच्या काळात हातभट्ट्या पेटल्या, साठच्या दशकात बंदी सैल झाली, पुढे दारू हा राज्याच्या तिजोरीचा मोठा आधार बनला. परवाना, बंदी, महसूल हे सगळं झालं. पिणाऱ्याचं आजारपण कुणाच्या खात्यात, हा प्रश्न तसाच राहिला.

१९५७पासून मुंबईत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा भरू लागल्या. एकाने आपली कहाणी सांगायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, एवढ्या बळावर माणसं दारूपासून दूर राहिली. सरकारी यंत्रणा मात्र जागी झाली ती ऐंशीच्या दशकात, ‘गर्द’ म्हणजे ब्राउन शुगर शहरांत शिरल्यावर. १९८५मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि तो अर्थ मंत्रालयाकडे राहिला. पुनर्वसन केंद्रांचं अनुदान समाजकल्याणकडे गेलं, औषधोपचार आरोग्य मंत्रालयाकडे आणि दारू राज्यांच्या उत्पादन शुल्क खात्यांकडे. एकाच रोग्याची अशी चार दारांत वाटणी झाली. त्यातलं कुठलं दार आपलं हे घाबरलेल्या घरच्यांना कसं कळावं?

पुण्यात याच काळात वेगळं काही घडत होतं. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि गर्दच्या विळख्यावर लिहिणारे अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच रुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नव्हे, त्याला आजार आहे, हे वाक्य महाराष्ट्रात घरोघरी पोचवण्यात या केंद्राचा वाटा फार मोठा आहे. तिथे व्यसनी माणसांच्या बायकांचाही गट असतो, कारण व्यसनाने सगळं घरच आजारी पडतं. पण अशी केंद्रं ज्यावर चालतात ते सगळं टाळेबंदीत नेमकं निषिद्ध ठरलं. एकत्र राहणं, गोल करून बसणं, महिन्याला फॉलोअपला येणं. अनेक केंद्रांनी नवीन भरती थांबवली. रुग्णालयांचे मानसोपचार कक्ष आणि तिथले डॉक्टर, परिचारिका कोविडच्या कामाला लागले. ऑक्टोबर २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ९३ टक्के देशांनी मानसिक आरोग्यसेवा खंडित झाल्याचं कळवलं होतं.

आपल्याकडे मुळात होतं ते तरी किती? दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ५.७ कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असल्याचं आढळलं. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार १८० जणांमागे एकाला. महामारी त्यानंतर वर्षभरातच आली.

तरी या काळात एक बंद दार किलकिलं झालं. २५ मार्च २०२०लाच दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वं निघाली आणि फोनवरून, व्हिडिओवरून तपासणीला अधिकृत मान्यता मिळाली. सल्ला घरबसल्या मिळू लागला. गोळ्यांचं तसं नव्हतं. अमली पदार्थ कायद्याच्या यादीतली औषधं फोनवरून लिहून द्यायला मनाई होती आणि दारू सोडवताना लागणारं डायझेपाम त्याच यादीत आहे. पुढे मोजक्या औषधांना सवलत मिळाली. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन देणाऱ्या केंद्रांचा अनुभव जास्त बोलका आहे. तिथे रोज जायचं, परिचारिकेसमोर गोळीचा चुरा जिभेखाली ठेवायचा, विरघळेपर्यंत थांबायचं. विश्वास नाही म्हणून ही पद्धत. रोज मजुरी बुडवून ही माणसं वर्षानुवर्षं येत होती. टाळेबंदीत अशी केंद्रं चालवणाऱ्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायची मुभा दिली. अमेरिकेतही मार्च २०२०मध्ये स्थिर रुग्णांना मेथाडोन या त्याच व्यसनावरच्या औषधाचे २८ दिवसांपर्यंतचे डोस घरी द्यायला परवानगी मिळाली आणि २०२४मध्ये तिथे ती सवलत कायमच्या नियमांत आली. डॉक्टर आणि कार्यकर्ते फार आधीपासून जे मागत होते, ते विषाणूच्या भीतीने काही दिवसांत झालं.

दारूच्या बाबतीत मात्र तेच जुनं चक्र फिरलं. ४ मे २०२०ला दुकानं उघडली आणि रांगा लागल्या. दुसऱ्याच दिवशी मुंबईने ती पुन्हा बंद केली, मग महिन्याच्या मध्यावर राज्याने घरपोच विक्रीला परवानगी दिली. घरपोच दारू पोचवण्याची व्यवस्था काही दिवसांत उभी राहते आणि घरपोच उपचाराची राहत नाही, याचा मला आजही संताप येतो. एप्रिल २०२१मध्ये दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन सात जण मेले. मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूर जिल्ह्यातली २०१५ची दारूबंदी उठवली, अवैध धंदा वाढला हे कारण देऊन. बंदी हवी की नको यावर मतं असतील, पण त्या सहा वर्षांत आणि त्यानंतर जिल्ह्यात उपचाराच्या खाटा किती वाढल्या, यावर तेवढ्या आवाजात चर्चा झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मानसिक आरोग्यासाठी महामारीतून उरलेली ठळक गोष्ट म्हणजे हेल्पलाइन. सप्टेंबर २०२०मध्ये किरण आली आणि १० ऑक्टोबर २०२२ला टेली-मानस. तिचा क्रमांक १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं आणि व्यसनाबद्दलही विचारता येतं. मध्यरात्री थरथरणाऱ्या नवऱ्याशेजारी बसलेल्या बाईला निदान एक आवाज मिळतो. त्या आवाजाने ‘लगेच दवाखान्यात न्या’ म्हटल्यावर पुढचा भाग येतो. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात त्या रात्री थायमिनचं इंजेक्शन आहे का, आणि दारूडा म्हणून हाकलून न देता त्याला दाखल करून घेणारा डॉक्टर आहे का.