स्पर्धेचं मॉड्यूल नेताय? आपलं कॅरेक्टर घरीच ठेवा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाची सी मालिकेची मॉड्यूल्स (तयार साहसं) आमच्याकडून भाड्याने नेणाऱ्यांची तक्रार ठरलेली: ‘तीन तासांत दोनच खोल्या झाल्या, आणि गुणांवरून भांडण.’ दोष मॉड्यूलचा नाही. घरच्या मोहिमेत, म्हणजे बरेच दिवस चालणाऱ्या खेळात, वाढवलेलं आपलं कॅरेक्टर (पात्र) त्यात उतरवलं की हे हमखास होतं.

ही मॉड्यूल्स मुळात अमेरिकेतल्या स्पर्धांसाठी लिहिलेली. सी१, ‘द हिडन श्राइन ऑफ टामोआचान’, १९७९च्या ओरिजिन्स या खेळांच्या मेळाव्यात खेळलं गेलं आणि १९८०मध्ये छापून आलं. वेगवेगळ्या टेबलांची तुलना करायची, तर सगळ्यांना तीच पात्रं, तेच स्पेल (जादूचे मंत्र), तेवढाच वेळ हवा. गुणतक्ता त्याच हिशेबाने बांधलाय. तुमचा उडणारा विझार्ड खड्ड्यावरून तरंगत गेला, तर कोडं सुटत नाही, नुसतं टळतं. मग त्याचे गुण द्यायचे की नाही, यावर अर्धा तास जातो.

म्हणून मॉड्यूलच्या फोल्डरमधल्या तयार शीट्सच (पात्रांची माहितीपत्रकं) वाटा. वाचायला दहा मिनिटं द्या, मगच घड्याळ लावा. सी१मध्ये पात्रं तीनच आहेत. पाच जण असाल तर दोन पात्रांमागे दोन-दोन जण बसवा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने नकाशा काढायचा. हे पटत नसेल तर सी२ न्या, त्यात पाच पात्रं आहेत आणि भाडं तेच.

‘झोपून स्पेल परत मिळवू’ ही घरची सवय सी१मध्ये महागात पडते. गट तळाशी अडकलेला असतो, हवा विषारी असते, थांबाल तेवढे हिट पॉइंट्स (पात्राच्या जिवाचे गुण) जातात. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं. मॉड्यूलमधला चौकटीतला मजकूर खेळाडूंना जसाच्या तसा वाचून दाखवावा, पदरचं काही घालू नये. गुणांची खूणही त्या-त्या खोलीतच करावी. शेवटी आठवून मांडलेले गुण कुणालाच पटत नाहीत.

पुस्तिकेतली खोल्यांची चित्रं खेळाडूंना दाखवताना शेजारचं चित्र जाड पुठ्ठ्याने झाका. पुठ्ठा फोल्डरमध्येच आहे, तरी बहुतेक जण तो तसाच परत आणतात!

शीट्स आणि गुणतक्ते फोटोकॉपी आहेत, त्यांवर खुशाल लिहा. चित्रांच्या पुस्तिकेवर मात्र पेन्सिलही नको. खोडलेली खूणसुद्धा पुढच्या गटाला चोरदरवाजा दाखवते, त्यामुळे अशा वेळी आम्ही डिपॉझिट कापतो. काहींना हे जाचक वाटतं, पण तुमच्या हाती कोरी पुस्तिका येते ती यामुळेच.

दोन टेबलं एकाच दिवशी लावणार असाल तर आधी कळवा. दुसरा शीट-संच आम्ही मोफत देतो, आणि हवा असल्यास गुण मोजायला आमचा माणूसही, माफक शुल्कात.