एकदा रसायन भरले की देह कायमचा टिकतो का?

लोकप्रिय नेत्याच्या पार्थिवात एकदा रसायन भरले की ते कोणत्याही देखभालीविना शतकानुशतके जसेच्या तसे राहते, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. काचेच्या पेटीतला शांत चेहरा पाहून तसे वाटणे स्वाभाविकच आहे.

नेहमीच्या प्रक्रियेत धमनीतून फॉर्मॅल्डिहाइडचे द्रावण सोडतात. त्यामुळे ऊतींमधील प्रथिने घट्ट बांधली जातात आणि जिवाणूंची वाढ रोखली जाते. मात्र याने कुजणे लांबते, कायमचे थांबत नाही. अंत्यदर्शनासाठी किंवा परदेशातून पार्थिव विमानाने आणण्यासाठी तेवढे पुरते.

मॉस्कोच्या लाल चौकातील समाधीत ठेवलेला रशियन क्रांतीचे नेते लेनिन यांचा देह १९२४ पासून टिकून आहे तो अखंड परिश्रमांमुळे. त्यातील अंतर्गत अवयव काढलेले आहेत, तापमान व आर्द्रता काटेकोरपणे राखली जाते, आणि ठरावीक काळाने देह ग्लिसरीन व पोटॅशियम ॲसिटेटच्या द्रावणात पुन्हा बुडवला जातो. दुसऱ्या महायुद्धात तो सैबेरियातील त्युमेनला हलवला, तेव्हा देखभाल करणारे शास्त्रज्ञही सोबत गेले होते, हे मला यातले सर्वांत बोलके प्रमाण वाटते.

पडताळा घ्यायचा असल्यास ही समाधी देखभालीसाठी वेळोवेळी बंद ठेवली जाते, त्याच्या जाहीर सूचना पाहाव्यात.