फॉग आणि हेझ: पातळ केलेला फॉग म्हणजे हेझ का नव्हे

रंगमंचावर पांढरे काहीतरी तरंगताना दिसले की आपल्याकडे त्याला सरसकट ‘स्मोक’ म्हटले जाते. विंगेतून ‘स्मोक सोड’ असे सांगणाऱ्याला कधी पात्र झाकून टाकणारा दाट ढग हवा असतो, तर कधी प्रकाशाचे झोत हवेत स्पष्ट दिसावेत एवढेच हवे असते. पहिल्या कामाला फॉग मशीन लागते, दुसऱ्याला ‘हेझ’ म्हणजे विरळ, सम पसरणारा थर सोडणारा हेझर, आणि दोहोंत भरायचे द्रवही वेगळे असतात. खरा धूर दोहोंतही नसतो, कारण काहीच जळत नाही. जे दिसते ते द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. घरी द्रव तयार करू पाहणाऱ्या हौशी नाट्यसंस्था आणि महाविद्यालयीन संघ बहुधा असे धरून चालतात की, फॉगच्या द्रवात पाणी वाढवले की हेझचा द्रव तयार होतो. तसे होत नाही, आणि का होत नाही हे कळले की घरी काय करावे व काय टाळावे हे ठरवणे सोपे जाते.

फॉग मशीनमध्ये एक छोटा पंप द्रवाला, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल (ग्लिसरीनसारखे एक रसायन) किंवा ग्लिसरीन यांच्या मिश्रणाला, तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातील बारीक नळीत ढकलतो. तेथे पाण्याची वाफ होते आणि तिच्या जोराने ग्लायकॉलची किंवा ग्लिसरीनची वाफही तोंडातून बाहेर फेकली जाते. बाहेरच्या थंड हवेत ती क्षणात निवून तिचे थेंब होतात आणि ढग दिसू लागतो. ठोकळा निवला की थर्मोस्टॅट पंप बंद ठेवतो आणि पुन्हा तापल्यावरच सुरू होऊ देतो. म्हणून साध्या फॉग मशीनचा फवारा थांबून थांबून येतो. (जमिनीलगत वाहणारा ढग हा आणखी तिसरा प्रकार, त्यासाठी फॉग बर्फावरून नेऊन थंड करावा लागतो किंवा ड्राय आइस (घन कार्बन डायऑक्साइड) वापरावा लागतो. नुसता द्रव बदलून तो मिळत नाही.)

हेझर दोन तत्त्वांवर चालतात. एका प्रकारात तापवणे मुळी नसतेच: कॉम्प्रेसरची हवा शुद्ध खनिज तेलात सोडून तेलाचे बारीक कण फोडले जातात, त्यांतले मोठे कण आतच अडवले जातात आणि केवळ सूक्ष्म कण बाहेर येतात. दुसऱ्या प्रकारात पाणी व ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनचे मिश्रण तापवले जाते, पण द्रव अत्यंत कमी प्रमाणात, अखंड सोडला जातो आणि पंखा तो लगेच हवेत विखरून टाकतो. म्हणजे हेझचा बारीकपणा मुख्यतः यंत्राच्या रचनेतून येतो.

हा बारीकपणा किती महत्त्वाचा आहे ते थेंब खाली बसण्याच्या वेगावरून कळते. स्थिर हवेत एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा थेंब तासाभरात जेमतेम दहा-बारा सेंटिमीटर खाली येतो. दहा मायक्रॉनचा थेंब तेवढ्याच वेळात दहा मीटरच्या आसपास उतरतो, कारण व्यास दहापट झाला की पडण्याचा वेग सुमारे शंभरपट होतो. हेझचे कण सर्वसाधारणपणे एक मायक्रॉनच्या आगेमागे असल्यामुळे ते संपूर्ण अंकभर टिकतात आणि झोतावर एकसारखे उमटतात. फॉगच्या ढगात लहान-मोठे सर्व आकार मिसळलेले असतात. त्यात पाणी वाढवले तर थेंबांतला न उडणारा अंश कमी होतो, ढग विरळ होतो आणि लवकर विरतो. तो सभागृहभर सम पसरून टिकत नाही. एका एकांकिकेच्या तालमीत आम्ही हेच करून पाहिले होते. ग्लिसरीनचे प्रमाण आम्ही दहाव्या हिश्शाच्याही खाली आणले होते. झोत दिसले नाहीत; मात्र यंत्राच्या तोंडातून गरम पाण्याचे थेंब उडू लागले आणि विंगेजवळची लाकडी फळी इतकी ओली झाली की प्रवेश करणारी मुलगी घसरता घसरता वाचली.

फॉगचा द्रव मात्र घरी खरोखर करता येतो. एक लिटर द्रवासाठी २५० मिलिलीटर ग्लिसरीन आणि ७५० मिलिलीटर डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण सुरुवातीला योग्य ठरते. ढग लवकर विरावा असे वाटत असेल तर ग्लिसरीन १५० मिलिलीटरपर्यंत खाली आणावे आणि जास्त दाट हवा असेल तर ३०० पर्यंत न्यावे; त्यापलीकडे द्रव घट्ट होऊन पंपावर ताण येतो आणि जमिनीवर चिकट थर बसतो. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड असते, एका मिलिलीटरचे वजन सुमारे १.२६ ग्रॅम भरते, त्यामुळे ते तळाशी बसते. पाणी कोमट करून पाच मिनिटे सावकाश ढवळल्यास ते पूर्ण मिसळते. पाणी डिस्टिल्डच हवे, कारण नळाच्या आणि विशेषतः बोअरवेलच्या पाण्यातील क्षार त्या बारीक नळीत साचून ती कायमची बंद करतात. पेट्रोल पंपावर मिळणारे बॅटरीत घालायचे पाणी चालते, परंतु शेजारीच तशाच डब्यात बॅटरीचे ॲसिड ठेवलेले असते, म्हणून लेबल दोनदा वाचावे.

ग्लिसरीनच्या शुद्धतेबाबत मी मुळीच सूट देणार नाही. औषधाच्या दुकानातून ‘आय. पी.’ (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधी) दर्जाची सीलबंद बाटलीच घ्यावी. गुलाबपाणी मिसळलेले किंवा सुट्टे, औद्योगिक ग्लिसरीन घेऊ नये. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेले ग्लिसरीन दिले गेल्यामुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. डायएथिलीन ग्लायकॉल हे विष दिसायला ग्लिसरीनसारखेच असते. नावांचे साम्यही तितकेच धोक्याचे आहे. विकतच्या द्रवांत प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ट्रायएथिलीन ग्लायकॉल असतात, पण गाडीच्या कूलंटमध्ये असते ते एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. ‘ग्लायकॉलच तर आहे’ म्हणून कूलंट यंत्रात ओतणे म्हणजे कलाकारांना विष हुंगायला लावणे होय.

अत्तर, निलगिरीचे तेल, खाण्याचा रंग किंवा स्पिरिट यांपैकी काहीही द्रवात घालू नये. तेल आणि स्पिरिट तापलेल्या ठोकळ्यावर पेट घेऊ शकतात, तर रंगामुळे ढग रंगीत होत नाही, नळी मात्र खराब होते. रंग हवा असेल तर तो दिव्यावर लावायच्या रंगीत जिलेटिन कागदाने द्यावा. ग्लिसरीन २९० अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळते आणि त्या तापमानाला विघटन होऊन त्यातून ॲक्रोलीन हा डोळ्यांना व घशाला झोंबणारा वायू निघू लागतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांनाच उकळते. यंत्र हलक्या ग्लायकॉलच्या हिशेबाने बनवलेले असेल तर ग्लिसरीनचा द्रव त्यात नीट वाफाळेलच असे नाही. तळणीतले तेल करपल्यासारखा वास आला तर यंत्र लगेच बंद करावे.

हेझचा द्रव घरी करण्याच्या मी विरोधात आहे. पाण्यावर चालणाऱ्या हेझरची नळी, तापमान आणि द्रव सोडण्याचा वेग हे एका विशिष्ट मिश्रणाशी जुळवलेले असतात. घरचा ग्लिसरीनचा द्रव त्यात हळूहळू साका धरतो आणि यंत्र बंद पडते. तेलाच्या हेझरसाठी काही जण औषधाच्या दुकानातील लिक्विड पॅराफिन वापरतात आणि मत्स्यपेटीच्या पंपावर घरगुती हेझरही बांधतात. परंतु मोठे कण अडवण्याची व्यवस्था अशा जोडणीत बहुधा नसते, आणि श्वासावाटे फुफ्फुसात गेलेले तेल तेथे साचून न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. हेच तेल फॉग मशीनमध्ये कधीही ओतू नये आणि फॉगचा पाणीदार द्रव तेलाच्या हेझरमध्ये भरू नये. ज्यांना झोत हवे आहेत त्यांनी हेझर एका दिवसासाठी भाड्याने घ्यावा आणि त्याच्याच कंपनीचा द्रव वापरावा, हे मला अधिक रास्त वाटते.

द्रव शुद्ध असला तरी तो किती सोडायचा याचा हिशेब राहतोच. न्यूयॉर्कमधील ब्रॉडवेच्या कलाकारांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आणि त्याला धरून पुढे झालेल्या शिफारशींत हवेतील क्षणिक प्रमाणाच्या मर्यादा सुचवल्या गेल्या: घनमीटरमागे ग्लायकॉल ४० मिलिग्रॅम, ग्लिसरीन ५० मिलिग्रॅम आणि खनिज तेल २५ मिलिग्रॅम. दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि पाच मीटर उंच सभागृह घेतले तर त्याचे आकारमान ४०० घनमीटर भरते, आणि वर दिलेल्या प्रमाणातला अवघा साठ-पासष्ट मिलिलीटर द्रव त्यात सम पसरला की ग्लिसरीनची मर्यादा गाठली जाते. यंत्राच्या तोंडापाशी उभ्या असलेल्या नटाला त्याहून कितीतरी जास्त सोसावे लागते, म्हणून यंत्र विंगेत मागे, पात्रांच्या चेहऱ्यापासून लांब ठेवावे, संघात कोणाला दमा आहे का हे आधी विचारावे आणि सभागृहात धूरसूचक यंत्रे असल्यास व्यवस्थापकांना प्रयोगापूर्वी कळवावे.

पातळ ग्लिसरीनमध्ये जंतू वाढू शकतात आणि घरच्या द्रवात संरक्षक पदार्थ नसतो, त्यामुळे प्रयोगापुरताच द्रव करावा आणि गढूळ दिसल्यास तो फेकून द्यावा. तो दिसायला अगदी पाण्यासारखा असतो आणि प्रयोगाच्या धांदलीत विंगेत तहानलेली माणसे वावरत असतात. म्हणून पाण्याच्या बाटलीत तो कधीही भरू नये, डब्यावर ‘फॉग’ हा शब्द आणि तयार केल्याची तारीख ठळक लिहावी, आणि हेझचा डबा वेगळ्या पेटीत ठेवावा.