परसबाग, घरगुती सेंद्रिय

घराच्या मागच्या-पुढच्या मोकळ्या जागेत, गच्चीवर किंवा गॅलरीत घरच्या वापरापुरती भाजी, फळे आणि औषधी झाडे लावतात, तिला परसबाग म्हणतात. रासायनिक खते व कृत्रिम कीटकनाशके न वापरता ती पिकवली, की ती सेंद्रिय परसबाग होते. महाराष्ट्रात ही पद्धत नवी नाही. कोकणात न्हाणीच्या आणि मोरीच्या पाण्यावर केळ व अळू वाढते, पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडका आणि काकडी चढते. देशावर कुंपणाला वाल आणि घेवडा असतो, दारात कढीपत्ता असतो. गोव्यातले कुळागर याहून बरेच मोठे असले तरी बऱ्याचदा घराला लागूनच असते. त्यात सुपारी, नारळ, केळी, मिरी आणि फणस पाटाच्या पाण्यावर एकमेकांच्या सावलीत वाढतात. शहरांत परस उरला नाही तेव्हा ही बाग गच्चीवर गेली आणि मातीचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

सेंद्रिय बागेचा सगळा भार मातीवर असतो. रासायनिक खतातील नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) पाण्यात विरघळून लवकर मुळांपर्यंत पोहोचतात. सेंद्रिय पदार्थातील अन्नद्रव्ये आधी जिवाणू, बुरशी आणि गांडुळांनी मोकळी करावी लागतात, तोपर्यंत झाडाला धीर धरावा लागतो. त्यामुळे बियाणे किंवा अर्क विकत आणण्याआधी माती तयार करणे हे पहिले काम ठरते. नवख्या माणसाने निव्वळ लाल मातीने कुंडी भरली, तर दोन-तीन महिन्यांत ती घट्ट बसते आणि पाणी वरच साचते. साधारण एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले खत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा चुरलेला पालापाचोळा हे मिश्रण भुसभुशीत राहते आणि हलकेही असते.

माती घडवण्याच्या या विचारात मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ ॲल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण व मूत्र थरांत रचून खत करण्याची पद्धत होळकरांच्या इंदूरमध्ये, १९२४ साली सुरू झालेल्या संशोधन संस्थेत बसवली. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली. पुसद येथील गांधीवादी कार्यकर्ते ना. दे. पांढरीपांडे यांनी भिंतींना भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत शोधली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि कमी जागा, सूर्यप्रकाश व घरातला कचरा यांचा हिशोब मांडून शेतकऱ्यांना व शहरवासीयांना प्रयोग करायला लावले. त्यांचा विचार दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात ‘अमृत माती’च्या रूपाने पुढे नेला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर गच्चीतली शेती रुजवली. पुढे मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळभाज्यांची बाग फुलवली. या सर्वांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, पण जो पाला आणि भाजीचे देठ आपण कचऱ्यात टाकतो त्याचीच माती करायची, हे सर्वांना समान आहे.

अमृत मातीची कृती मुद्दाम सांगण्याजोगी आहे. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ कालवून तीन दिवस रोज ढवळतात, आणि मग दहापट पाणी घालतात. हे झाले अमृतजल. वाळलेला पाला त्यात एक दिवस भिजवून, चुरून, मधे मधे मातीचा पातळ थर देत ढीग रचतात. दर आठवड्याला तो हलवतात आणि ओल टिकवतात. साधारण महिन्याभराने त्यावर धान्ये, कडधान्ये, तेलबिया, मसाले, भाज्या अशा नाना चवींचे मिश्र बी पेरतात. उगवलेली रोपे २१, ४२ आणि ६३ व्या दिवशी टप्प्याटप्प्याने कापून तिथेच आच्छादतात. कोवळ्या पानात नत्र अधिक असते आणि जून काडीत लिग्निन, म्हणजे काडीला कडकपणा देणारा आणि सावकाश कुजणारा घटक. वेगवेगळ्या वयाचा हिरवा माल मिळाल्याने माती सर्व बाजूंनी भरते, असा यामागचा तर्क आहे. सगळे मिळून चार-पाच महिने लागतात. ज्याला पहिल्याच हंगामात टोमॅटो हवे आहेत त्याला हे लांबलचक वाटेल. पण अशी माती एकदा झाली, की वर्षानुवर्षे फक्त आच्छादनावर चालते, आणि मुरलेल्या बागकाराने हा प्रयोग एकदा तरी करावाच.

रोजच्या ओल्या कचऱ्याचे खत याहून सोपे आहे. भोके पाडलेला माठ, बादली किंवा क्रेट घ्यावा, तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा काटक्या घालाव्यात, आणि ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर दुप्पट-तिप्पट सुका पाला टाकावा. कुजण्यासाठी कर्ब (कार्बन) आणि नत्राचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ हवे. भाजीपाल्यात नत्र जास्त, सुक्या पानात कर्ब जास्त, म्हणून ही जोडी. घाण वास येऊ लागला तर बहुतेक वेळा ओल जास्त झालेली असते आणि हवा खेळत नसते. सुका पाला घालून उलथापालथ केली की वास जातो. जाड, करड्या अळ्या वळवळताना दिसल्या की लोक अख्खी बादली फेकून देतात. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि कचरा झपाट्याने फस्त करतात. खत झाले हे नाकाने कळते: पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास, काळपट रंग, आणि देठ-साल ओळखू न येणे. गांडूळखतासाठी ‘आयसेनिया फेटिडा’ हे लाल गांडूळ वापरतात. त्याला सावली आणि सतत ओल लागते. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या गच्चीवर ते तग धरत नाही.

सुरुवात पालेभाज्यांनी करावी. मेथी, लाल माठ आणि पालक यांना सहा इंच खोली व तीन-चार तासांचे ऊन पुरते, आणि महिन्याभरात भाजी हातात येते. कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन फाडी करून पेरावेत. टोमॅटो, मिरची, वांगे यांना किमान एक फूट खोली आणि सहा तास ऊन हवे. वेलभाज्यांना त्याहून मोठी कुंडी किंवा ड्रम लागतो. भेंडी, गवार, कारले, दोडका यांची पेरणी मृगाच्या आगेमागे, तर टोमॅटो-कोबीची रोपे गणपती-नवरात्राच्या सुमारास टाकण्याची रीत हवामानाला धरूनच आहे. पाणी रोज ठराविक मापाने न घालता बोट दोन पेरे मातीत घालून, ओल नसेल तरच द्यावे. कुंडीतली झाडे तहानेपेक्षा अति पाण्यानेच अधिक मरतात.

गच्चीवर वाफे करण्याआधी वजनाचा विचार हवाच. ओली माती घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते, म्हणजे एक फूट जाड थराचे वजन चौरस मीटरला सुमारे ५०० किलो होते. वावराच्या गच्चीसाठी भारतीय मानकांत धरलेला चलभार, म्हणजे माणसे व सामानाचे वजन, चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. पालापाचोळ्याचे हलके मिश्रण, तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवलेल्या कुंड्या, आणि भार स्लॅबवर न टाकता तुळईवर किंवा भिंतीवर नेणारे स्टँड यांनी हा प्रश्न बराच सुटतो. मोठी बाग असेल तर संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

किडींच्या बाबतीत डोळे सर्वांत उपयोगी पडतात. पिठ्या ढेकूण (रस शोषणारी, पांढऱ्या पिठासारखी दिसणारी कीड) दिसला तर आधी मुंग्या शोधाव्यात. त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याला राखतात आणि भक्षक कीटकांना हुसकावतात. ढालकिड्याची (लेडीबर्ड बीटल) काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी चिमुकल्या मगरीसारखी दिसते आणि मावा खाते, पण तिलाच कीड समजून चिरडले जाते. क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी तर खुद्द पिठ्या ढेकणासारखी पांढऱ्या मेणचट तंतूंनी झाकलेली असते. ती आकाराने मोठी आणि चालीने चपळ असते, एवढ्यावरून ओळखावी आणि राहू द्यावी. मुंग्यांची वाट तोडूनही उपद्रव वाढला, तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा: ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा साबण. त्यातील ॲझाडिरॅक्टिन हा कीडनाशक घटक उन्हात लवकर नासते, म्हणून फवारणी संध्याकाळी करतात; तेव्हा मधमाश्याही फुलांवर नसतात. तंबाखूचा काढा मात्र घरच्या भाजीवर वापरू नये. निकोटिन वनस्पतिजन्य असले तरी माणसाला विषारीच आहे, आणि ‘सेंद्रिय’ या शब्दाने त्याचे विष कमी होत नाही. अमरावतीचे सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेले जीवामृत परसबागेतही वापरले जाते. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती यांचे हे आंबवण पानांवर न शिंपडता मातीत द्यावे, विशेषतः कच्च्या खायच्या भाज्यांना.

अनुभवी बागकाराची खरी मजल बियाण्यात आहे. संकरित वाणाचे बी पुढच्या पिढीत मूळ गुण टिकवत नाही, म्हणून बी धरायचे तर गावठी किंवा सरळ (संकरित नसलेले) वाणच लावावे लागते. वाल, चवळी, टोमॅटो यांचे परागीभवन बहुतांशी स्वतःच्याच फुलात होते, त्यामुळे त्यांचे बी घरी सहज धरता येते. दुधी, भोपळा, काकडी यांत मात्र मधमाशी शेजारच्या वाणाचा पराग आणते. तिथे उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी मादी आणि नर दोन्ही कळ्या बांधून ठेवतात. दुधीचे फूल संध्याकाळी आणि भोपळ्याचे पहाटे उमलते, ही वेळ सांभाळून कळी सोडतात, नराचा पराग हाताने लावतात आणि फूल पुन्हा बांधतात. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालासह अनेक गावठी वाणांचे बियाणे असेच घराच्या परसातून जपले, बायफ या ग्रामविकासाचे काम करणाऱ्या संस्थेच्या साहाय्याने बीजबँक उभारली आणि परसबागेसाठी बियाणे गावोगावच्या बायकांपर्यंत पोहोचवले. त्यांना २०२० सालचा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. बी साठवण्याच्या जुन्या रीतीही त्यांच्याकडे पाहायला मिळतात: राखेत घोळलेली कडधान्ये, शेणाने लिंपलेली मडकी.