मोजक्या फोटॉनांतून उमटणारी खोली

‘एक किलोमीटरवरून चेहरा टिपणारा लेसर कॅमेरा’ अशा थाटाच्या बातम्या अधूनमधून झळकतात. त्यांत यंत्राच्या नजरेचे कौतुक असते. प्रत्यक्षात हे यंत्र पाहत नाही, वेळ मोजते. लेसरचा अतिसूक्ष्म स्पंद सोडायचा, वस्तूवरून परतलेला प्रकाश किती वेळाने आला ते नोंदवायचे आणि त्यावरून अंतर काढायचे, हे तत्त्व शाळेतल्या प्रतिध्वनीच्या गणिताइतकेच साधे आहे. अडचण आकड्यांची आहे. नाकाचा शेंडा गालापेक्षा दोन सेंटिमीटर पुढे आहे असे धरले, तर दोन्हींकडून परतणाऱ्या प्रकाशाच्या वेळेत जेमतेम १३३ पिकोसेकंदांचा फरक पडतो (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग).

एडिनबरा येथील हेरियट-वॉट विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये सुमारे एक किलोमीटरवरच्या वस्तूंची खोली, म्हणजे त्यांच्या प्रत्येक बिंदूचे अंतर, भर दिवसा सेंटिमीटरच्या अचूकतेने टिपली, तेव्हा लेसरची सरासरी शक्ती २५० मायक्रोवॅटपेक्षाही कमी होती. इतक्या क्षीण प्रकाशातून परत येतात ते सुटे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे एकेक कण. ते पकडण्यासाठी अतिसंवाहक, म्हणजे अतिथंडीत विजेला रोध न करणाऱ्या, तारेचा शोधक (फोटॉन टिपणारे उपकरण) वापरला होता. साधारण १०० नॅनोमीटर रुंदीची ही तार निरपेक्ष शून्याच्या वर काही केल्विनइतक्या थंडीत ठेवलेली असते. एक फोटॉन आदळला की तेवढ्या जागी अतिसंवाहकता मोडते आणि विद्युत स्पंद उमटतो.

तरीही एका फोटॉनच्या नोंदीवर विसंबता येत नाही. त्या यंत्रणेत प्रत्येक नोंद सुमारे १०० पिकोसेकंदांनी, म्हणजे अंतराच्या भाषेत दीड सेंटिमीटरने, मागेपुढे होत असे. म्हणून चित्रातल्या प्रत्येक बिंदूसाठी अनेक नोंदींचा स्तंभालेख, म्हणजे कोणत्या वेळेला किती फोटॉन आले ते दाखवणारा आलेख, मांडतात. सूर्यप्रकाशाचे फोटॉन कधीही येत असल्यामुळे ते सपाट पसरतात, वस्तूवरून आलेले मात्र एकाच वेळेभोवती गोळा होतात. शंभर नोंदींची सरासरी घेतली की चूक दहापट कमी होते.

मग अधिक प्रकाश सोडून काम झटपट का उरकू नये? दारावरच्या पहारेकऱ्याने पहिला पाहुणा आल्याची वेळ लिहून वही मिटावी, तसे हे घड्याळ सहसा एका स्पंदामागे पहिल्याच फोटॉनची वेळ टिपते, आणि शोधकही त्यानंतर काही नॅनोसेकंद आंधळा असतो. एका स्पंदातून अनेक फोटॉन परतू लागले, तर नेहमी त्यांतला सर्वांत आधीचाच नोंदला जाईल, स्तंभालेख आधीच्या वेळेकडे कलेल आणि वस्तू आहे त्यापेक्षा जवळ भासेल. त्यामुळे शंभरांतल्या जेमतेम पाचेक स्पंदांनाच उत्तर मिळावे, इतका प्रकाश मुद्दाम मंद ठेवण्याचा प्रघात आहे. बहुतेक स्पंद रिकामे जातात म्हणूनच मोजमाप खरे ठरते, ही या तंत्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. स्पंद फार जवळजवळ सोडले तर आणखी एक घोळ होतो: एक किलोमीटरची फेरी ६.७ मायक्रोसेकंदांची, त्यामुळे दर अर्ध्या मायक्रोसेकंदाला स्पंद सोडल्यास एका वेळी तेरा स्पंद वाटेत असतात आणि आलेला फोटॉन कोणाचा हे कळत नाही. त्यावर स्पंदांमधले अंतर यादृच्छिक ठेवून, परतलेल्या नोंदींचा क्रम सोडलेल्या क्रमाशी निरनिराळ्या विलंबांनी जुळवून पाहतात आणि सर्वाधिक जुळणी देणारा विलंब खरा मानतात.

चेहऱ्याच्या बातमीचे काय? २०१३ च्या प्रयोगात १५६० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश होता. तो हवेतून चांगला जातो आणि दृष्टिपटलापर्यंत पोहोचण्याआधीच डोळ्यातल्या पाण्यात शोषला जातो, म्हणून तुलनेने निर्धोक. पण पाणी त्वचेतही असते. त्यामुळे त्या चित्रांत कपडे स्पष्ट दिसले आणि चेहऱ्याच्या जागी काळोख! सर्वांवर पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी ही चित्रे अवश्य पाहावीत.

पुढे २०२१ मध्ये चिनी संशोधकांनी दोनशे किलोमीटरवरच्या डोंगराचे चित्र मिळवले. तिथे प्रत्येक बिंदूमागे सरासरी एकही फोटॉन हाती येत नव्हता, म्हणजे बिंदूगणिक स्तंभालेखाचा प्रश्नच नव्हता. शेजारचे बिंदू बहुधा सारख्याच अंतरावर असतात, हे गृहीत धरून संगणकाने उरलेली खोली भरून काढली. अर्थात त्या चित्राचा काही भाग मोजलेला आहे आणि काही भाग अंदाजाचा.