ट्रान्सपॉन्डर पॅनेलवर ८ आणि ९ का नाहीत?

ट्रान्सपॉन्डर म्हणजे विमानाची ओळख रडारला कळवणारं यंत्र. विमान उडवण्याच्या गेमसाठी त्याचं पॅनेल आमच्या दुकानातून घरी नेऊन जोडलं की दुसऱ्या दिवशी हमखास फोन येतो, "सातच्या पुढे आकडा जातच नाही, नॉब बिघडलाय का?" नॉब ठणठणीत आहे. खऱ्या विमानातही ८ आणि ९ नसतात. विमानाच्या ओळखीच्या कोडला चार घरं, प्रत्येकात ० ते ७, म्हणजे एकूण ४०९६ कोड. तेवढ्यात सगळ्या आकाशाचं भागवायचं, म्हणून तेच कोड फिरून फिरून वापरले जातात.

जमिनीवरचं रडार विचारतं आणि ट्रान्सपॉन्डर उत्तर देतो. मोडचा नॉब 'ऑन'वर असेल तर फक्त कोड जातो, 'एएलटी'वर असेल तर उंचीही जाते. 'स्टँडबाय'वर उत्तरच जात नाही. पहिल्या उड्डाणात इथेच घोळ होतो: विमान वर गेलेलं असतं आणि नॉब स्टँडबायवरच राहिलेला असतो. कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरून सूचना देणारा हवाई नियंत्रक, विचारून विचारून थकतो. धावपट्टीवर शिरताना हात नॉबकडे जायलाच हवा, ही सवय लावून घ्या.

गेममधल्या एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) उत्तरं यादीतून निवडून देता येतात. वॅटसिम या ऑनलाइन उड्डाण-नेटवर्कवर मात्र कंट्रोलर म्हणून समोर खरी माणसं असतात, हौसेनं आणि विनामोबदला बसलेली. समजा मुंबईहून गोव्याला निघालात. क्लिअरन्सच्या (उड्डाणाच्या परवानगीच्या) शेवटी 'स्क्वॉक २४५१', म्हणजे २४५१ हा कोड लावा, असं काही ऐकू येईल. ते कागदावर लिहा, सगळा क्लिअरन्स कोडसकट परत वाचून दाखवा आणि मग आकडे फिरवा. इंग्रजीत बोलायची धाकधूक वाटत असेल तर टाइप केलेलंही चालतं. निःसंकोच टाइप करा.

'आयडेंट'चं बटण सांगितल्यावरच, एकदाच दाबायचं. त्यानं कंट्रोलरच्या पडद्यावर तुमचं विमान उठून दिसतं.

तीन कोड जपून: ७५०० अपहरण, ७६०० रेडिओ बंद, ७७०० आणीबाणी. ७५०० वॅटसिमवर गंमत म्हणूनही लावू नका, तिथे त्याला मनाई आहे. कोड बदलताना यांच्यावरून जाणं टाळा. मोडचा नॉब क्षणभर स्टँडबायवर घेतला की झालं.

उतरल्यावर धावपट्टी सोडली की पुन्हा स्टँडबाय, कंट्रोलरनं वेगळं सांगितलं नसेल तर. अडलंच तर पॅनेल घेऊन दुकानात या, समोर जोडून दाखवू.