वायू तेवढाच, मग पोट का फुगतं?

1975 साली अमेरिकेतल्या मिनीॲपोलिसचे डॉ. मायकेल लेविट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष छापले. पोटात कायम गॅस होतो अशी तक्रार असलेले 12 जण आणि काहीच तक्रार नसलेले 10 जण त्यांनी घेतले. सगळे उपाशीपोटी. प्रत्येकाच्या आतड्यात नळीवाटे निष्क्रिय वायू सोडला, म्हणजे आत जे काही साठलं असेल ते पुढे ढकललं जाऊन खालून बाहेर पडेल, आणि ते गोळा करून मोजलं. निरोगी माणसांच्या आतड्यात सरासरी 199 मिलिलिटर वायू भरला. तक्रारवाल्यांच्या आतड्यात 176.

म्हणजे फरक नाहीच म्हणायचा, आणि असलाच तर उलटा. कोणकोणते वायू आहेत तेही दोन्ही गटांत सारखंच निघालं. एक गोष्ट मात्र वेगळी दिसली. नळीतून सोडलेला जेवढा वायू निरोगी माणसांनी सहज सोसला, तेवढ्यानेच तक्रारवाल्यांपैकी अनेकांचं पोट दुखायला लागलं, आणि दुखणाऱ्यांत तो वायू उलटा जठराकडे चढताना दिसला.

याला आता पन्नास वर्षं झाली. आपल्याकडे अजूनही पोट गच्च झालं की मेडिकलमधून ‘गॅसची गोळी’ येते. ती बहुतेक वेळा पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल असते. ही औषधं जठरातलं आम्ल कमी करतात. आतड्यातल्या वायूशी त्यांचा काही संबंध नाही. जळजळीवर ती उत्तम आहेत, पण पोट फुगतं म्हणून वर्षानुवर्षं रोज सकाळी ती घेत राहण्यात काय हशील? फसफसणाऱ्या चूर्णांची गंमत आणखी वेगळी. त्यातला सोडा आणि आम्ल पाण्यात एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मग जो मोठ्ठा ढेकर येतो, त्यातला बराचसा वायू आपण नुकताच ग्लासातून पोटात घातलेला असतो.

मुळात पोटात वायू येतो कुठून? थोडी हवा आपण गिळतो: भराभर जेवताना, च्युइंगगम चघळताना, सारखा ढेकर काढायचा प्रयत्न करताना. बाकीचा मोठा वाटा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचा. लहान आतड्यात न पचलेलं जे काही त्यांच्यापर्यंत पोचतं ते ते आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काही जणांत मिथेन तयार होतो. निरोगी माणसाचाही दिवसाला अर्धा ते दीड लिटर वायू खालून जातो आणि दहा ते वीस वेळा वारा सरणं यात वावगं काही नाही. यातल्या 99 टक्क्यांहून जास्त वायूला वासच नसतो. बदनामी होते ती उरलेल्या चिमूटभर गंधकयुक्त वायूंमुळे.

‘गॅस डोक्यात चढला’, ‘गॅस सांध्यात धरला’ असं आपण सर्रास म्हणतो. आतड्यातून निसटून गुडघ्यात जाऊन बसायला वायूला वाट नाही. पण तो रक्तात विरघळतो हे खरं, आणि तिथून फुप्फुसांत जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो. माणसाच्या स्वतःच्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत, त्यामुळे श्वासात सापडलेला हायड्रोजन जिवाणूंचाच. हायड्रोजन ब्रेथ टेस्ट नावाची तपासणी यावरच उभी आहे: दुधातली साखर प्यायला द्यायची आणि ठरावीक वेळाने फुंकरीतला हायड्रोजन मोजायचा.

लेविट यांच्यापुढचं पाऊल टाकलं बार्सिलोनातल्या फर्नांडो अझपिरोझ यांच्या गटाने. त्यांनी लहान आतड्यात दर मिनिटाला 12 मिलिलिटर या वेगाने दोन तास वायू सोडला. निरोगी माणसांच्या आतड्याने तो आला तसा पुढे सरकवला. आयबीएस असलेल्या, म्हणजे आतडं वरवर धडधाकट दिसत असूनही पोटदुखी आणि शौचाचा गोंधळ मागे लागलेल्या 20 जणांपैकी 18 जणांत मात्र वायू तुंबला, पोटाचा घेर वाढला किंवा त्रास सुरू झाला. निरोगी 20 जणांत असं फक्त चौघांचं झालं. बोरघाटात एक ट्रक बंद पडला की खोपोलीपर्यंत रांग लागते, त्या दिवशी गाड्या जास्त निघालेल्या असतात असं नाही. आतड्यात तेल-तूप उतरलं की ही वाहतूक आणखी मंदावते, हेही याच गटाने दाखवलं. उपवासाला साबुदाण्याची तुपात परतलेली, दाण्याचं कूट घातलेली खिचडी खाऊन दुपारभर तडस लागते, त्यात या संथपणाचा हात असणार.

याच गटाचं मला सगळ्यात रोचक वाटणारं काम पोटाच्या भिंतीबद्दलचं आहे. जेवल्यावर पोटात भर पडते तेव्हा छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा थोडा वर उचलला जातो आणि पोटाचे पुढचे स्नायू घट्ट होतात. आपल्या नकळत जागा करून दिली जाते. काही लोकांत हे नेमकं उलटं होतं. पडदा खाली दाबला जातो, पुढचे स्नायू सैल पडतात आणि पोट पुढे येतं. अशा रुग्णांचं सीटी स्कॅन एकदा बऱ्या दिवशी आणि एकदा पोट टम्म असताना काढलं, तेव्हा वायूतली वाढ किरकोळ निघाली. सकाळी बसणारी पँट संध्याकाळी बसत नाही असं सांगणारा माणूस थापा मारत नसतो. त्याचा घेर खरोखर वाढलेला असतो, फक्त वायूने नव्हे. हे स्नायू कसे वागताहेत ते स्क्रीनवर दाखवून शिकवलं, तर काही रुग्णांना त्यांना वळण लावता येतं, असंही पुढे दिसलं.

मग खाण्याचा काही दोषच नाही का? आहे ना. आपल्या आजीने वातूळ म्हणून बाजूला काढलेल्या यादीत वाल, पावटे, हरभरे, चवळी असतात आणि ती यादी रसायनशास्त्राला पटणारी आहे. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, माणसाच्या लहान आतड्यात नाही, त्यामुळे त्या जशाच्या तशा जिवाणूंच्या ताटात पडतात. डाळिंब्यांची उसळ करताना वाल भिजवायचे, पाणी ओतून द्यायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा, हा सगळा खटाटोप इथे कामी येतो. या शर्करा पाण्यात उतरतात, म्हणून भिजवलेलं पाणी फेकलं की काही प्रमाणात जातात. आणि मोड फुटताना बी सर्वात आधी हाच साठा वापरायला काढतं. झटपट म्हणून न भिजवता कुकरला लावलेली कडधान्यं त्यामानाने जास्त छळतात.

कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टन असतं. तेही आपल्याला पचत नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी 2005 मध्ये अशा आंबणाऱ्या सगळ्या शर्करांना फॉडमॅप हे एकत्र नाव दिलं. दोन ते सहा आठवडे त्या कमी करायच्या, मग एकेक परत सुरू करून नेमकी कोणती बाधते ते हुडकायचं, अशी त्यांची पद्धत. लोक पहिला टप्पा उत्साहाने करतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात, हे वाईट. वर्षभर डाळी-कडधान्यं बंद ठेवली तर शाकाहारी माणसाने प्रथिनं आणायची कुठून? हे आहारतज्ज्ञाला धरूनच करावं. स्वयंपाकघरात एक पळवाट आहे: फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर स्वाद फोडणीत राहतो आणि त्रास पाकळीबरोबर जातो. कांद्याच्या पातीचा हिरवा भागही बहुतेकांना चालतो.

गहू सोडल्यावर बरं वाटलं म्हणून ग्लूटेनला, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाला, दोषी ठरवायची घाई करू नये. 2018 मध्ये ऑस्लोच्या संशोधकांनी स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या लोकांना आत काय आहे ते न सांगता तीन प्रकारच्या वड्या खायला दिल्या. पोट जास्त फुगलं ते फ्रुक्टनच्या वडीने. ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजतं तो सीलिएक हा आजार निराळा. तो उत्तर भारतात जास्त दिसत असला तरी आपल्याकडे नसतोच असं नाही. त्याची टीटीजी ही रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी लागते, आधीच पोळी सोडली तर ती खोटी नकारात्मक येऊ शकते. आणि निदान झालेल्यांनी ज्वारी-बाजरी-नाचणीवर निश्चिंत होण्याआधी हिंगाच्या डबीवरचा मजकूर वाचावा. बांधणी हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

दुधाचं प्रकरण बहुतेकांना ठाऊक असतं. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांत दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी होतं. तरी एका वेळी 12 ग्रॅम, म्हणजे कपभर दुधातली साखर, बरेच जण निभावून नेतात. चहातल्या दोन चमचे दुधावर खापर फोडण्यात अर्थ नाही. दह्यात साखर थोडी कमी असते आणि विरजणातले जिवाणू स्वतःचं विकर घेऊन येतात, त्यामुळे दूध न सोसणाऱ्यालाही दही चालतं.

औषधांकडे मात्र फार कमी लोक बघतात. आपल्याकडे मधुमेहासाठी व्होग्लिबोज बऱ्यापैकी दिलं जातं. जेवणातल्या पिष्टाचं पचन रोखून साखर हळू चढवणं हेच त्याचं काम, आणि न पचलेलं पिष्ट पुढे जिवाणूंना मिळतं. मेटफॉर्मिननेही पोट फुगतं. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, आणि मळ साठून राहिला की फुगणं आलंच. गोळ्या मनाने बंद करू नयेत, पण त्रास गोळीनंतर सुरू झाला का एवढं डॉक्टरांना जरूर सांगावं. बद्धकोष्ठासाठी कोंडा, सॅलड, फळं एकदम वाढवली तर आठवडाभर पोट आणखी तणतणतं. इसबगोल थोड्यापासून सुरू करून भरपूर पाण्याबरोबर घेतलेलं त्यापेक्षा सोसतं. जिआर्डियासारखा दूषित पाण्यातला परजीवी आणि मंदावलेलं थायरॉइड यांचाही विचार व्हावा. जुलाबाची मोठी साथ भोगलेल्या दहांतल्या साधारण एकाच्या मागे पुढे आयबीएस लागतो.

काही खुणा दिसल्या तर घरगुती प्रयोगांत वेळ घालवू नये: वजन उतरणं, शौचातून रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच, रक्तक्षय, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, गिळायला त्रास. आपल्या देशात बारीक ताप आणि घटतं वजन यांच्या जोडीने पोट वाढत असेल तर पोटाचा क्षय डॉक्टरांच्या मनात आधी येतो. यकृताच्या आजारात पोटात पाणी साठतं. पन्नाशीनंतरच्या बाईचं पोट नव्यानेच फुगायला लागलं, दोन घासांत भरायला लागलं, लघवीला वारंवार जावं लागलं, तर अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता तपासावी लागते. महिन्यात 12 पेक्षा जास्त वेळा असं होत असेल तर रक्ततपासणी करा, असं ब्रिटनमधल्या डॉक्टरांना सांगितलेलं आहे, कारण या वयात आयबीएस पहिल्यांदा सुरू होणं विरळा. ‘वय झालं, पचत नाही आता’ म्हणून आपल्या घरांतून नेमक्या याच बायकांची बोळवण होते.

आणि ज्याचा आतड्याशी संबंधच नाही असा एक ‘गॅस’. हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा अडला तर दुखणं छातीऐवजी बेंबीच्या वर जाणवू शकतं, मळमळतं, ढेकरही येतात. मधुमेह्यांत आणि वयस्कर माणसांत ते आणखी फसवं असतं. घाम फुटला असेल, दम लागत असेल, चालल्यावर किंवा जिना चढल्यावर दाब वाढत असेल, तर ढेकर आल्यावर बरं वाटलं तरी ताबडतोब दवाखाना गाठून ईसीजी काढावा.